एका दाराएवढं अंतर

त्या घरात गाडीची किल्ली रोज सकाळी हरवायची. कधी डब्यांच्या मागे सापडायची, कधी उशीखाली, एकदा तर चक्क फ्रीजमध्ये, अंड्यांच्या शेजारी निघाली. पण गॅलरीतल्या सायकलच्या कुलपाची किल्ली मात्र गेले नऊ दिवस एकाच जागी होती. आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून.

सायकल भिंगरीची. भिंगरी म्हणजे सातवीत शिकणारी, चालायला लागल्यापासून एका जागी न ठरलेली मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे, पण घरात कुणी त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघते, कोणाला बोलावताहेत म्हणून. अशी ही मुलगी नऊ दिवस गाडीच्या मागच्या सीटवर, दप्तर मांडीवर धरून, खिडकीबाहेर बघत शाळेत जात होती. तोंडातून शब्द काढत नव्हती. विचारलं तर मान हलवायची, तीही अर्धीच.

नऊ दिवसांपूर्वी ती पडली होती. शाळेच्या अलीकडे दुकानांचा एक अरुंद रस्ता लागतो, कडेला गाड्यांची रांग उभी असते. भिंगरी आईने शिकवल्याप्रमाणे अगदी कडेने, त्या उभ्या गाड्यांना जवळजवळ खेटून चालली होती. एका व्हॅनचं दार एकदम उघडलं. तिने हँडल बाहेरच्या बाजूला वळवलं, तोल गेला, आणि मागून येणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक लावला. कोपर सोलवटलं, सायकलची घंटी चेपली, एवढ्यावर निभावलं. गाडीचं चाक आणि भिंगरीचं डोकं यांत किती अंतर राहिलं होतं ते एका दुकानदाराने आईला दोन तळहात समोरासमोर धरून दाखवलं. बिचारा धीर द्यायला म्हणून दाखवत होता. आईला मात्र तेव्हापासून ते दोन तळहात भाजी चिरताना दिसत होते, केस विंचरताना दिसत होते, डोळे मिटले तरी दिसत होते.

त्याच संध्याकाळी तिने सायकलला कुलूप घातलं.

"रस्ता गाड्यांचा आहे, बाळा. आपला नाही," ती म्हणाली.

"मग आपला कुठला?" भिंगरीने विचारलं.

आई स्वयंपाकघरात गेली. तिने पानं घ्यायला सुरुवात केली.

आई डोळ्यांच्या दवाखान्यात तपासनीस होती. शाळा एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या टोकाला. भिंगरी सायकलने जायची तेव्हा आई वेळेवर पोचायची. आता रोज दहा मिनिटं, पंधरा मिनिटं उशीर. डॉक्टरबाई काही बोलल्या नव्हत्या, नुसतं घड्याळाकडे बघून स्वतःचा चष्मा पुसत होत्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठल्या इमारतीत कोण अडकलं असेल त्याचा नेम नाही, म्हणून सकाळची वाहतूक आईकडेच.

तर त्या दिवशीही उशीर झालेला. दुकानांच्या रस्त्याला गाडी वळली, आणि पुढ्यात सायकल. सायकलवर पोस्टाच्या गणवेशातल्या एक बाई, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे कॅरिअरला टपालाची जाड पिशवी. आणि चालल्या होत्या कुठून? कडेने नाही. गाड्यांच्या रांगेपासून चांगलं अंतर सोडून, जवळपास मधून, ना डावी ना उजवी, सरळ रेषेत. आपण रस्त्याला नाही तर रस्ता आपल्याला येऊन मिळालाय अशा थाटात.

आईने हॉर्न वाजवला. बाई हलल्या नाहीत. पुन्हा वाजवला. बाईंनी एकदा मागे वळून पाहिलं, सरळ आईच्या डोळ्यांत पाहिलं, आणि एक हात मागे करून पंजा दाखवला. रागाने नाही. रांगत्या मुलाला 'थांब हं जरा' म्हणावं तसा. आईने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला तो चांगला लांबलचक. खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी वाजवला नसता?

उभ्या गाड्यांची रांग संपली, रस्ता रुंद झाला, तशा त्या बाई आपणहून बाजूला झाल्या आणि जाणाऱ्या गाडीकडे बघून हात वर केला. आभार मानायला. आईने गाडी जोरात पुढे काढली. "रस्ता काय हिच्या नावावर करून दिलाय का कुणी!" ती पुटपुटली. पुढे सिग्नल लाल. गाडी थांबली, आणि थोड्या वेळाने तेच पिवळं हेल्मेट खिडकीशेजारी येऊन उभं राहिलं. आईने काच वर केली.

मागच्या सीटवरून नऊ दिवसांनी आवाज आला.

"आई, त्यांच्या जागी मी असते तर वाजवला असतास हॉर्न?"

"तू तिथे नसतीस. तू कडेला असतीस."

"कडेलाच होते मी," भिंगरी म्हणाली, आणि परत खिडकीबाहेर बघायला लागली.

दवाखान्यात पोचल्यावर आईचं लक्ष लागेना. ड्रॉप घालायची बाटली एकीकडे, टोपण दुसरीकडे. एका आजोबांना तिने एकच अक्षरांची ओळ दोनदा वाचायला लावली, त्यांनी ती पाठ करून टाकली आणि नंबर कमी झाला म्हणून खूश झाले. साडेअकराच्या सुमाराला दार ढकलून पुढचा पेशंट आत आला. पोस्टाचा गणवेश. काखेत पिवळं हेल्मेट.

आपल्याला ओळखलं नसावं, असं आईने स्वतःला सांगितलं. काचेआडून कोण कोणाचा चेहरा बघतं? ती कागद चाळत राहिली. डॉक्टरबाईंना या मावशींच्या डोळ्यांतला दाब थोडा जास्त वाटला होता, म्हणून आजूबाजूची नजर कितपत शाबूत आहे ते बघायचं होतं. मावशी खुर्चीत बसल्या पण स्वस्थ बसल्या नाहीत. हेल्मेटचा पट्टा उघडत होत्या, लावत होत्या. एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटते आहे, त्यांनी सांगितलं, निवृत्तीला दोन वर्षं राहिली. "नापास केलंत ना ताई, तर साहेब मला आत बसवून शिक्के मारायला लावतील. त्यापेक्षा मलाच एक शिक्का मारून पाठवून द्या कुठेतरी."

आईला हसू आलं. तिने त्यांना यंत्रासमोर बसवलं. हे यंत्र म्हणजे आतून पांढरं, अर्धगोल, मोठ्या वाडग्यासारखं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या पिवळ्या ठिपक्यावर नजर ठेवायची. कडेला कुठे ना कुठे बारीकसा उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. आई दिवसातून वीस-वीस वेळा एकच वाक्य म्हणायची, त्या दिवशीही म्हणाली, "मधे बघा मावशी, फक्त मधे बघा."

अर्ध्या मिनिटात यंत्राने तक्रार केली.

"नजर हलतेय तुमची."

"हलणारच. एकतीस वर्षं चारी बाजूंना बघून जिवंत राहिलेय. आता मधेच बघा म्हणजे शिक्षाच की."

तपासणी पुन्हा सुरुवातीपासून करावी लागली. या वेळी मावशींनी दातओठ खाऊन नजर स्थिर ठेवली. कागद बाहेर आला, आईने तो उजेडात धरला. नजर चांगली होती. मावशींनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरच्या चिठ्ठ्या उडाल्या.

"पण कडेचे दोन-चार मला दिसले नसणार," त्या म्हणाल्या. "बटण दाबायला उशीर झाला."

"ते सगळ्यांचंच होतं," आई म्हणाली. हा तिचा विषय होता, ती खुलली. तिने सांगितलं की माणसाची नजर मधल्या भागात तेज असते आणि कडेला मंद होत जाते. मधला बारीकसा ठिपकाही दिसतो, कडेचा दिसायला तो पुष्कळ प्रखर असावा लागतो. धडधाकट तरुण मुलंसुद्धा कडेचे ठिपके सोडतात. डोळ्यांचा दोष नसतो तो.

"म्हणजे कडेला असलेलं माणसाला दिसत नाही?"

"दिसतं. पण उशिरा दिसतं."

मावशींनी हेल्मेट मांडीवर घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मग सकाळी तीन वेळा हॉर्न कशाला वाजवलात?"

आईचा चेहरा उतरला. ती सॉरी म्हणू लागली, पण मावशींनी हात हलवून ते बाजूला सारलं. "रागावले नाही हो. मला तर बरं वाटतं हॉर्न ऐकून. तुम्ही वाजवलात, म्हणजे मी तुम्हाला दिसले. ज्यांना मी दिसत नाही ना, ते वाजवत नाहीत."

आईने हातातल्या कागदाकडे पाहिलं. मधे बघा, फक्त मधे बघा! किती वर्षं ती हे सांगत होती, आणि किती वर्षं त्या कडेच्या सुटलेल्या ठिपक्यांवर पेन्सिलने खुणा करत होती. तिने खुर्ची ओढली आणि बसून सगळं सांगून टाकलं. भिंगरी, व्हॅनचं दार, दुकानदाराचे दोन तळहात, कुलूप.

"अगदी कडेने चालली होती?" मावशींनी विचारलं.

"अगदी. मीच शिकवलं होतं. कडेने जा, कुणाच्या मधे येऊ नकोस."

"सगळ्या आया हेच शिकवतात. माझ्याही आईने शिकवलं. पहिल्या वर्षी तीन दारं खाल्ली मी, मग शहाणी झाले."

मग मावशी बोलल्या ते फार नव्हतं, पण आईने ते पुढे अनेकांना जसंच्या तसं सांगितलं. उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढं अंतर सोडून जायचं, ही पहिली गोष्ट. सरळ जायचं. रिकामी जागा दिसली की आत, गाडी आली की बाहेर, असं नागमोडी जायचं नाही, कारण मागच्याला आपण कधी आहोत आणि कधी नाही तेच कळत नाही. वळण्याआधी मागे बघायचं, हात दाखवायचा, मागच्याच्या डोळ्यांत बघायचं. रस्ता रुंद झाला की आपण होऊन बाजू द्यायची. आईने मधेच अडवलं. पण गाड्यांना उशीर होतो त्याचं काय?

"सकाळी तुमचा किती झाला?"

आई आठवू लागली. दहा-अकरा उभ्या गाड्यांची रांग. अर्धं मिनिटसुद्धा नसेल.

"आणि पुढे सिग्नलला मी तुमच्या शेजारीच येऊन उभी राहिले," मावशी म्हणाल्या. "तुम्ही काच वर केलीत."

दोघी हसल्या. आई जरा कमी हसली.

मावशींना सायकलवाल्यांचंही फार कौतुक नव्हतं. सिग्नल मोडणारे, उलट्या दिशेने येणारे, एका हाताने फोन धरून चालवणारे त्यांच्या मते पोस्टाच्या खोलीत कोंडून शिक्के मारायलाच बसवायला हवेत. "जागा हवी असेल तर नियमही पाळायला हवेत. आम्ही रस्त्यावरचे पाहुणे नाही, पण मालकही नाही. तुमच्यासारखेच आहोत." दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. "रविवारी सकाळी मुलीला घेऊन या पोस्टासमोर. आणि तुम्हीसुद्धा सायकल आणा."

"मी? मावशी, तेरा वर्षं झाली मला सायकलला हात लावून."

"मग तर याच. तुमची भीती तिच्या मागे कॅरिअरवर बसलेली असणार. तिला किती ओझं ओढायला लावणार?"

संध्याकाळी घरात वादावादी झाली. बाबांचं म्हणणं असं की पोस्टातल्या कुणा बाईच्या सांगण्यावरून पोरीला भर रस्त्यात घालायची म्हणजे कमाल झाली. लोक दारूच्या दुकानातून निघाल्यासारखे गाड्या चालवतात, आणि लिफ्टला निदान चारी बाजूंनी भिंती असतात. आई म्हणाली, भिंती असूनही रोज कुणीतरी अडकतंच ना, नाहीतर तुमचं पोट कशावर चाललं असतं? बाबा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले, पण पटलं म्हणून नाही. आईलाही कुठे पूर्ण पटलं होतं? ती स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून स्वयंपाकघरात अशा फेऱ्या मारत राहिली. शेवटी शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि खाली उतरली.

इमारतीच्या आवारात त्यांची गाडी उभी होती. आईने दार सताड उघडलं आणि टेप लावायला गेली, पण टेप एका टोकाने निसटायची. थोड्या वेळाने बाबा खाली आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. एक मीटरला चार बोटं कमी. आईने खडूने जमिनीवर रेघ मारली.

"काय चाललंय?" वरून गॅलरीतून भिंगरीने विचारलं.

"खाली ये."

भिंगरी आली. आईने आत बसून दार लावलं आणि खिडकीतून तिला म्हटलं, त्या दिवशी तू जिथून चालली होतीस तिथे उभी राहा. भिंगरीने क्षणभर विचार केला. खडूच्या रेघेच्या पुष्कळ आत, गाडीपासून दोन वितींवर, बरोबर दारासमोर ती जाऊन उभी राहिली आणि मग आईकडे तोंड करून वळली. तिच्या कोपरावरची खपली अजून काळीच होती.

आईने आतून दार उघडलं. हळूच, बोटाच्या टोकाने ढकलल्यासारखं. दार निम्म्यापर्यंतही उघडलं नाही. ते अलगद भिंगरीच्या पोटाला टेकलं आणि थांबलं.

बाबांच्या हातातून टेपचं टोक सुटलं.

कडेने जा, कडेने जा! पहिलीपासून कानीकपाळी ओरडून जिथे पाठवलं ती जागा ही होती. आईने लेकीला रस्त्यापासून वाचवलं नव्हतं. तिने तिला बरोबर दाराच्या आत नेऊन ठेवलं होतं!

आई गाडीतून उतरली, भिंगरीचे दोन्ही खांदे धरले आणि तिला उचलल्यासारखं करून रेघेच्या पलीकडे नेऊन उभं केलं. "इथून," ती म्हणाली. "यापुढे इथून."

रविवारी आईने खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांची सायकल मागून आणली. काकांनी सीट खाली करून दिली आणि विचारलं की हेल्मेट आहे का, नसेल तर पातेलं देतो. भिंगरी फिदीफिदी हसली. नऊ-दहा दिवसांनी घरात तो आवाज आला होता, म्हणून आईने पातेल्याचा अपमान गिळला. हेल्मेट तिने बाबांचं, कामावरचं घेतलं होतं.

पोस्टासमोर मावशी हजर होत्या. भिंगरीने त्यांना पोस्टाच्या आजी म्हटलं, तेव्हा त्यांनी बजावलं की आजी निवृत्तीनंतर, तोपर्यंत मावशी. आधी रिकाम्या मैदानात सराव झाला. मागे वळून बघायचं पण हँडल वळू द्यायचं नाही. एक हात सोडायचा पण रेष सोडायची नाही. भिंगरीला हे चार फेऱ्यांत जमलं. आईला बारा लागल्या, आणि त्यातल्या तीन झुडपात संपल्या.

मग दुकानांचा रस्ता. पुढे मावशी, मध्ये भिंगरी, मागे आई. एका दाराएवढं अंतर सोडून तिघींची सरळ रेष. आईला वाटत होतं आपण भर सभेत कुणाच्या तरी खुर्चीवर बसलोय, आता कुणीतरी येऊन उठवणार. आणि हॉर्न वाजला. बरोबर तिच्या पाठीशी.

विचार करायच्या आत तिने हँडल फिरवलं आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या फटीत शिरली. मागची गाडी निघून गेली. तिच्या मागून दुसरी, तिसरी, चौथी. आता बाहेर पडायला जागाच मिळेना. जो तो पुढे जात होता, फटीत उभ्या असलेल्या बाईकडे कोणी बघतही नव्हतं. तिच्या लक्षात आलं, आपण यांना दिसतच नाही आहोत. यंत्रातला कडेचा ठिपका झालोय आपण.

थोड्या अंतरावर भिंगरी रस्ता रुंद झाला तिथे बाजूला थांबली होती. तिने आईला असं कधीच पाहिलं नव्हतं, सायकल धरून कोपऱ्यात अडकलेली.

"आई, मागे बघ," ती ओरडली. "त्याच्या डोळ्यांत बघ. हात दाखव. आणि ये!"

आईने मागे बघितलं. एक टेम्पो येत होता, चालवणाऱ्याने टोपी डोळ्यांवर ओढली होती. आईने हात बाहेर काढला. कोपर न वाकवता, सरळ. चालवणाऱ्याने टोपी वर सारली, तिच्याकडे पाहिलं, वेग कमी केला आणि हनुवटीने खूण केली, या. एवढंच! आई बाहेर आली, रेषेत आली, पॅडल मारत राहिली. टेम्पो हॉर्न न वाजवता मागून सावकाश येत राहिला. रांग संपल्यावर तिने बाजू दिली आणि हात वर केला. त्यानेही केला.

"बघितलंत?" मावशी म्हणाल्या. "माणसं वाईट नसतात हो. त्यांना दिसावं तर लागतं."

सोमवारी सकाळी आईने पर्सच्या आतल्या कप्प्याची चेन उघडली आणि किल्ली भिंगरीच्या तळहातावर ठेवली. हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून बघितला, तिसऱ्यांदा ओढायला गेली तेव्हा भिंगरी म्हणाली, "आई, गळा." बाबांनी चेपलेल्या घंटीच्या जागी नवी बसवली होती, पटलं-न पटलं काहीही न बोलता.

भिंगरी गेली. आईकडे आता पाऊण तास मोकळा होता. दवाखाना दुसऱ्या दिशेला, वेळही हातात. पण पाय ठरेनात. गाडीची किल्ली शोधायलाही लागली नाही, ती हातातच होती. ती खाली उतरली आणि गाडी सरळ शाळेच्या दिशेला वळवली.

दुकानांच्या रस्त्यावर तिने लेकीला गाठलं. पुढे भिंगरी, पाठीवर दप्तर, उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढी लांब, पट्टीने आखावी अशी सरळ. मागे आई, गाडी सायकलच्या वेगाने. तिच्या मागे एक गाडी आली, तिने हॉर्न वाजवला. मग आणखी एक. रांग वाढत गेली, आणि सगळे हॉर्न आईच्या पाठीत शिरत होते.

पुढे एका उभ्या गाडीचं दार उघडलं. मोबाइलवर बोलत एक माणूस मागे न बघता बाहेर आला. आईचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. भिंगरीने मात्र ब्रेक लावला नाही, हँडलही वळवलं नाही. नवी घंटी एकदा किणकिणली आणि ती त्या दारापासून वीतभर अंतर राखून, आपल्या रेषेत, सरळ पुढे निघून गेली. माणसाने चमकून वर पाहिलं, तोवर ती दोन गाड्या ओलांडून गेली होती.

आईने ब्रेकवरचा पाय काढला.

रांग संपली तशी भिंगरी बाजूला झाली, आणि मागच्या गाडीत कोण आहे ते न बघताच तिने हात वर केला. सिग्नल लाल होता. आईच्या शेजारी मागची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली, आत घामाघूम झालेला एक माणूस होता, टायची गाठ अर्धीच बांधलेली.

"अहो बाई, एवढा वेळ मागे मागे चाललात. हॉर्न तरी वाजवायचा!"

या वेळी आईने काच वर केली नाही.

"कशाला?" ती म्हणाली. "ती मला दिसतेय की."

तो माणूस आईकडे बघत राहिला. मग पुढे सिग्नलला एक पाय टेकून उभ्या असलेल्या त्या मुलीकडे त्याने पाहिलं, आणि हॉर्नवरचा हात काढून घेतला. दिवा हिरवा झाला तेव्हा त्याने आधी तिला जाऊ दिलं.

मित्रहो, आपल्यापुढे सायकलवरून जाणारं माणूस रस्त्याच्या मधून चाललेलं दिसलं की आपला हात आधी हॉर्नवर जातो. पण ते दिसलं, हेच तर त्याला हवं होतं! रस्ता अडवायला ते तिथे आलेलं नसतं, जिवंत घरी पोचायला आलेलं असतं. त्याला त्याची अर्ध्या मिनिटाची जागा द्या. गाडी उभी केलीत तर दार उघडण्याआधी वळून मागे बघा. आणि तुमच्या घरात कुणी सायकल चालवायला निघालं असेल, तर त्याला कडेला ढकलू नका आणि सायकलला कुलूपही घालू नका. त्याला मागे बघायला शिकवा, हात दाखवायला शिकवा, नियम पाळायला शिकवा. आणि एकदा खाली उतरून, आपल्याच गाडीचं दार उघडून, एक रेघ मारून दाखवा. रस्ता कुणा एकाचा नाही. तो एकमेकांना दिसणाऱ्या माणसांचा आहे.